साथ म्हणजे काय? एक पियानोवादक, एक गायिका आणि आपले स्नेहसंमेलन

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातील एक प्रसंग पुष्कळांना आठवत असेल. सातवीतील एक विद्यार्थिनी भावगीत गात होती. साथीला रेकॉर्ड केलेला ट्रॅक होता. पहिले कडवे तिने सुरेख म्हटले. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला एक शब्द तिच्या ओठांवर येता येता राहिला. दोन क्षणांचाच प्रश्न होता, पण ट्रॅक थांबला नाही. तो पुढे गेला, ती मागे राहिली आणि शेवटी डोळ्यांत पाणी घेऊन ती रंगमंचावरून खाली उतरली. टाळ्या झाल्या, पण तिला त्या ऐकू आल्या नसाव्यात.

चूक तिची नव्हती. पेटीवर कोणी बसले असते तर तीच ओळ पुन्हा वाजली असती, तबलजीने एक आवर्तन जास्त घेतले असते, आणि काही चुकले आहे हे श्रोत्यांना कळलेही नसते. ट्रॅकला हे जमत नाही, कारण ट्रॅक ऐकत नाही. सोय म्हणून ट्रॅक लावण्याचा निर्णय आमचा होता, हे आम्ही प्रथमच मान्य करतो.

त्यानंतर संगीताच्या तासाला कीबोर्ड शिकणाऱ्या एका मुलाने सरांना विचारले, "सर, साथ करायची म्हणजे गाण्याचीच चाल वाजवायची ना? मग ट्रॅकमध्ये आणि माझ्यात फरक काय?" प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर देण्यासाठी सरांनी वर्गात एक अमेरिकन ध्वनिमुद्रण ऐकवले. पियानोवर रॉबर्ट ग्लास्पर आणि गायला एरिका बाडू. मुलांना ते आवडले, काहींना विचित्र वाटले, आणि घरी गेल्यावर काही पालकांनी विचारले, "शाळेत हे कशाला?" हा लेख त्या मुलासाठी आहे आणि त्या पालकांसाठीही आहे.

दोघांची ओळख

रॉबर्ट ग्लास्पर यांचा जन्म १९७८ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरात झाला. त्यांची आई व्यावसायिक गायिका होती. रात्री कार्यक्रमाला जाताना मुलाला सांभाळायला दुसऱ्या कोणाकडे ठेवण्याऐवजी ती त्याला बरोबर घेऊन जाई. गाणाऱ्या माणसाच्या मागे वादक काय करतात, हे या मुलाने अगदी लहानपणी पाहिले. पुढे तो चर्चमधील प्रार्थनेत पियानो वाजवू लागला. मग ह्यूस्टनच्या सार्वजनिक कलाशाळेत आणि नंतर न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये त्याने जॅझचे रीतसर शिक्षण घेतले.

एरिका बाडू यांचा जन्म १९७१ साली त्याच राज्यातील डॅलस शहरात झाला. त्याही तेथील बुकर टी. वॉशिंग्टन या सार्वजनिक कलाशाळेच्या विद्यार्थिनी. १९९७ साली त्यांचा 'बाडुइझम' हा पहिला आल्बम आला आणि सोल संगीतातील मोठ्या नावांत त्यांची गणना होऊ लागली.

आमच्या विश्वस्तांना येथे एक गोष्ट नजरेस आणून द्यावीशी वाटते. हे दोघेही सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत शिकले. अशा शाळांत गणित आणि विज्ञानाबरोबर संगीतही विषय म्हणून, वेळापत्रकात जागा देऊन शिकवले जाते. घरी संगीत होतेच, पण घरातल्या संगीताला शाळेने शिस्त दिली.

२०१२ साली ग्लास्पर यांचा 'ब्लॅक रेडिओ' हा आल्बम निघाला. त्यात त्यांचा चार वादकांचा संच आहे: स्वतः ग्लास्पर, बास गिटारवर डेरिक हॉज, ड्रम्सवर ख्रिस डेव्ह आणि सॅक्सोफोन वगैरे वाद्यांवर केसी बेंजामिन (केसी यांचे २०२४ मध्ये निधन झाले). या संचासोबत एकेका गाण्यात एकेक पाहुणा गातो. एरिका बाडू, लेला हॅथवे, लेडिसी, बिलाल अशी ती नावे आहेत. २०१३ साली या आल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. गंमत अशी की तो जॅझ विभागात नव्हे, तर सोल संगीत ज्यात मोडते त्या 'आर अँड बी' विभागात मिळाला. जॅझच्या पियानोवादकाने शेजारच्या घरातले बक्षीस नेले, असे म्हणायला हरकत नाही.

जॅझ आणि सोल, दोन सख्खी भावंडे

मुलांनो, जॅझ आणि सोल ही नावे वेगळी असली तरी त्यांचे मूळ एक आहे. गुलाम म्हणून आफ्रिकेतून अमेरिकेत नेलेल्या लोकांच्या वंशजांनी शेतातली गाणी, चर्चमधली प्रार्थनागीते आणि दुःखाची 'ब्लूज' गाणी यांतून आपले संगीत घडविले. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहराच्या परिसरात जॅझ आकाराला आले. त्याचा प्राण म्हणजे ऐनवेळची उपज. चाल ठरलेली असते, पण तिचा विस्तार त्या त्या वेळी सुचेल तसा करायचा. ख्याल ऐकणाऱ्या घरात ही कल्पना नवीन नाही.

सोल म्हणजे आत्मा. हे संगीत १९५० च्या दशकात पुढे आले. चर्चमध्ये गायची पद्धत कायम ठेवून तिच्यावर संसारातले, प्रेमाचे, विरहाचे शब्द घालायचे, अशी त्याची घडण आहे. एकाच अक्षरावर अनेक स्वर फिरवणे हा त्यातील मोठा अलंकार. आपल्या हरकती-मुरक्यांची आठवण यावी असा तो प्रकार आहे. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, ही पद्धतही त्यात आहे. आपल्याकडच्या भजनात बसलेल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही.

हे मिश्रण सुरुवातीला सर्वांनी आनंदाने स्वीकारले असे मात्र नाही. रे चार्ल्स (१९३०–२००४) हे अंध पियानोवादक आणि गायक. फ्लोरिडातील मूकबधिर व अंधांच्या शाळेत त्यांनी ब्रेल लिपीतून संगीत शिकून घेतले. १९५४ साली त्यांनी एका धार्मिक गीताच्या वळणावर प्रेमगीत रचून ध्वनिमुद्रित केले. गाणे अतिशय गाजले, पण देवाचे सूर बाजारात आणले म्हणून अनेक श्रद्धाळू माणसे रागावली. आज त्याच गाण्याकडे सोल संगीताचा एक पाया म्हणून पाहिले जाते. म्हणजे 'हे आपल्यात बसते का?' हा प्रश्न आपल्याच घरात विचारला जातो असे नाही.

पियानोवादक नेमके करतो काय?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. गायिका गात असताना जॅझचा पियानोवादक बहुधा तिची चाल वाजवत नाही. चाल ती गातेच आहे. तो तिच्या सुराखालची जमीन तयार करतो.

हे समजण्यासाठी शाळेच्या पेटीवर किंवा कीबोर्डवर एक प्रयोग करून पाहा. पांढरी एक हा सा धरा. एकाने तोंडाने तो सा लांबवर धरून ठेवायचा. दुसऱ्याने त्याखाली क्रमाने तीन-तीन स्वर एकदम दाबायचे:

पहिल्यांदा सा-ग-प.
मग म-ध-सा.
मग ध-सा-ग.
शेवटी चार स्वर, रे-म-ध-सा.

गाणाऱ्याचा स्वर जराही हललेला नाही. तरी पहिल्या वेळी तो घरी बसल्यासारखा वाटतो, दुसऱ्या वेळी उंच ठिकाणी उभा राहिल्यासारखा, तिसऱ्या वेळी थोडा उदास, आणि चौथ्या वेळी सा असूनही अजून कुठेतरी जायचे राहिले आहे असे वाटते. या एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्याला कॉर्ड म्हणतात. जॅझमधले वादक साध्या सा-ग-प वर नि आणि वरचा रे अशी आणखी भर घालतात. त्यामुळे रंग अधिक गहिरा होतो.

आपल्या संगीताशी याचा फरक लक्षात घ्या. आपल्याकडे तानपुरा एकच षड्ज धरून असतो आणि गायक त्या स्थिर जमिनीवर हिंडतो. तिकडे गायिका एका स्वरावर थांबली तरी खालची जमीन सरकू शकते. दोन्ही पद्धतींत कोणतीही कमी नाही. दोन्हींत सौंदर्य शोधण्याची वाट तेवढी वेगळी आहे.

पण जमीन कधी सरकवायची? हे कागदावर पूर्णपणे लिहिलेले नसते. गायिकेने श्वास कुठे घेतला, कोणता शब्द लांबवला, ती आवाज चढवणार की उतरवणार, यावर कान ठेवून ते ठरवावे लागते. तिचा शब्द चालू असताना वादक थोडे वाजवतो किंवा अजिबात वाजवत नाही. ओळ संपली की मधल्या जागेत दोन-चार स्वरांचे उत्तर देतो. इंग्रजीत साथ करण्याला जो शब्द आहे, त्याचेच लाडके लघुरूप करून जॅझवाले याला 'कॉम्पिंग' म्हणतात. त्यात बोटांच्या करामतीइतकेच महत्त्व हात आवरण्याला असते.

न वाकणारे वाद्य आणि वाकणारा गळा

पियानोची एक मोठी अडचण आहे. त्याचे स्वर पक्के बांधलेले असतात. गळ्यातून मींड निघते, पियानोतून निघत नाही. सोल गायिका कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मधली जागा घेते. ब्लूजमधून आलेली ती खास जागा आहे. पियानोवर त्या जागी पट्टीच नाही.

पेटीवरही हाच आक्षेप होता. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. तिचे स्वर स्थिर आहेत आणि तिला मींड येत नाही, ही त्यामागची प्रमुख कारणे होती. ती बंदी सैल व्हायला सुमारे तीस वर्षे गेली. तरीही मैफलींत, नाटकांत आणि देवळांत पेटी वाजतच राहिली, कारण चांगल्या साथीदारांनी वाद्याच्या मर्यादेतून वाट काढली. आपल्या बोरी गावचे पं. तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांनी अनेक थोर गायकांना साथ केली आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पेटीला साथीचे वाद्य म्हणून मान कसा मिळतो, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण गोव्यातील वाचकांना द्यायला नको.

पियानोवाल्यांनी अशीच वाट काढली. कोमल ग ला क्षणभर स्पर्श करून बोट शुद्ध ग वर घसरवायचे, किंवा दोन्ही एकदम दाबून मधल्या जागेचा भास निर्माण करायचा. आणि जिथे गायिका खरोखर मधल्या जागेवर जाते, तिथे तो स्वर आपण न वाजवता तिच्यासाठी मोकळा ठेवायचा.

एका गाण्याचा प्रवास

'ब्लॅक रेडिओ'त एरिका बाडू जे गाणे गातात त्याचे नाव 'अफ्रो ब्लू'. त्याची चाल क्यूबातून आलेले तालवादक माँगो सांतामारिया यांची, १९५९ च्या सुमाराची. शिकागोचे ऑस्कर ब्राऊन ज्युनियर यांनी त्यावर शब्द लिहिले. अ‍ॅबी लिंकन या जॅझ गायिकेने ते गायले. १९६३ साली जॉन कोल्ट्रेन यांनी ते सॅक्सोफोनवर वाजवले. आणि २०१२ साली ते सोल गायिकेच्या गळ्यात आले.

मूळ चालीची गंमत तालात आहे. सहा मात्रा मोजा. एका हाताने पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्या, म्हणजे तीन-तीनचे दोन भाग होतील. मित्राला पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर टाळी द्यायला सांगा, म्हणजे दोन-दोनचे तीन भाग होतील. दोघांनी एकदम सुरू करा. दादरा शिकलेल्या मुलांना सहा मात्रा ओळखीच्या आहेत, पण ही दोनास तीनची झुंज सांभाळायला सुरुवातीला हसू येईल आणि मग मजा येईल. आफ्रिकेतील तालपरंपरेची ही खूण क्यूबामार्गे जॅझमध्ये आली.

ग्लास्पर यांच्या पिढीने लयीत आणखी एक भर घातली. डेट्रॉइटचा जे डिला (१९७४–२००६) हा यंत्रावर ताल रचणारा कलावंत. यंत्र प्रत्येक ठोका मोजून-मापून जागच्या जागी बसवू शकते, पण डिला ती सोय टाळून काही ठोके मुद्दाम किंचित मागे-पुढे ठेवी. त्यामुळे यंत्रातून माणसासारखी, जरा रेंगाळणारी लय निघे. ती लय ख्रिस डेव्हसारख्या ड्रमवादकांनी पुन्हा हातात आणली. यंत्राने माणसाची नक्कल करावी आणि माणसाने ती परत शिकून घ्यावी, असा हा उलटा प्रवास आहे.

सरमिसळ आणि आपण

'सगळे एकत्र केले की काहीच धड राहत नाही,' अशी काळजी काही पालकांनी व्यक्त केली. ती खोटी नाही. पण ग्लास्पर आणि बाडू यांच्याकडे पाहिले तर दिसते की दोघांनीही आपापले घर आधी नीट ओळखले. ग्लास्पर यांनी जॅझचे व्याकरण वर्षानुवर्षे गिरवले होते, त्यांच्या मागे चर्चची वाजवणूक होती. दुसऱ्याच्या घरी जाताना ते रिकाम्या हाताने गेले नाहीत. सरमिसळ बिघडते ती बहुधा एकही गोष्ट पुरती येत नसताना केली तर.

आणि हे आपल्या गोव्याला नवीन थोडेच आहे? चर्चला जोडलेल्या पाठशाळांत पिढ्यानपिढ्या गोव्यातील मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले गेले. त्याच शिदोरीवर अनेक गोमंतकीय वादक मुंबईच्या जॅझ बँडमध्ये गेले. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्ड हे अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवादक वाजवत असत. त्या वातावरणात आपले लोक घडले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, पुढे सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. रामचंद्र चितळकर हे मराठी मुलखातले, रागदारी शिकलेले. या दोघांच्या मेळातून १९५१ च्या 'अलबेला'सारख्या चित्रपटाचे संगीत उभे राहिले. आजी-आजोबांना विचारा, ती गाणी त्यांना अजून पाठ असतील. एकाने स्वरलिपी आणली, दुसऱ्याने राग आणले, आणि दोघांनी एकमेकांचे ऐकले.

आमचा संकल्प

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच की यंदाच्या स्नेहसंमेलनात गायनाचे किमान दोन कार्यक्रम आम्ही ट्रॅकशिवाय करणार आहोत. पेटी, तबला आणि कीबोर्ड ही तिन्ही वाद्ये विद्यार्थीच वाजवतील. प्रश्न विचारणारा तो मुलगा कीबोर्डवर असेल. सातवीतल्या त्या मुलीला, जी आता आठवीत आहे, आम्ही पुन्हा गाण्याविषयी विचारले. तिने लगेच होकार दिला नाही. साथीला कोण आहे, ते तिने आधी विचारले. नाव ऐकल्यावर म्हणाली, "मी विसरले तर तो थांबेल ना?"

सध्या दर शनिवारी मधल्या सुट्टीत दोघांचा सराव चालू आहे. सरांनी त्यांना एक खेळ लावून दिला आहे. तिने मुद्दाम कुठेही थांबायचे, एखादी ओळ दोनदा घ्यायची, लय थोडी ओढायची. त्याने न बोलता तिच्याबरोबर राहायचे. पहिल्या दिवशी तो तीन वेळा पुढे निघून गेला. परवा एकदाही गेला नाही.

पालकांना विनंती अशी की घरी मुले सराव करत असतील तर 'कोणती परीक्षा आहे?' असे न विचारता पाच मिनिटे जवळ बसून ऐकावे. व्यवस्थापन मंडळाला विनंती अशी की वेळापत्रकातला संगीताचा तास इतर विषयांच्या जादा तासासाठी घेतला जाऊ नये, आणि शाळेची जुनी पेटी या सत्रात दुरुस्तीला पाठवावी. तिच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत.

आणि मुलांनो, स्नेहसंमेलनाच्या दिवशी कोणी ओळ विसरले तर हसू नका. त्या वेळी साथीला बसलेल्याकडे पाहा. तो काय करतो, ते पाहिलेत म्हणजे साथ म्हणजे काय याचे उत्तर तुम्हाला मिळेल.